पाच नंबरची दुपार

माझा मोबाईल शेवटच्या घटका मोजत होता आणि पुण्याच्या पुतणीचा फोन यायचा होता, म्हणून मी भिंतीतला हाताला लागला तो प्लग उपटला आणि तिथे माझा चार्जर खुपसला. तो प्लग पाच नंबरच्या मशीनचा होता. त्या मशीनच्या पडद्यावर तेव्हा एक गोल फिरत होता आणि त्याखाली कॉम्प्युटर बंद करू नका अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं होतं. पण एसटीच्या हिशेब खात्यात जन्म काढलेल्या माणसाला 'हात बाहेर काढू नका', 'थुंकू नका', 'बंद करू नका' असल्या पाट्या दिसतात, वाचता येत नाहीत.

मशीनच्या पंख्याची घरघर थांबली तशी काउंटरमागे बसलेल्या चुडामणने मान वर केली.

"नाना, काय केलं तुम्ही?"

"काही नाही रे, जरा चार्जिंगला लावला."

तो उठून आला, माझा चार्जर काढला, मशीनचा प्लग परत लावला, बटण दाबलं. पडदा निळा झाला आणि त्यावर एक रडका चेहरा आला. त्याने पुन्हा बंद-चालू केलं. पुन्हा रडका चेहरा. चुडामण रागावला असता तर मी दोन विनोद करून वेळ मारून नेली असती. पण तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजायला थोडा वेळ होता.

चुडामण म्हणजे आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या 'मनुदेवी गेमिंग झोन'चा मालक. मूळचा असोद्याचा, घरची केळी. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकला, काही वर्षं रावेरला केळीच्या पॅकिंगमध्ये काढली आणि मग धाकट्या भावाच्या, भटूच्या, नादाने जळगावात हे दुकान टाकलं. नाद भटूचा आणि राबणं चुडामणचं, अशी भावाभावांची वाटणी होती. चुडामणला स्वतःला गेममधलं ओ की ठो कळत नाही. एकदा पोरांनी त्याला गाड्यांच्या शर्यतीत बसवलं, तर त्याने पहिल्या वळणावर इंडिकेटर शोधला.

माझं तिथे काय काम, असं विचाराल तर कूलर. गेल्या दिवाळीत मी निवृत्त झालो आणि तेव्हापासून बायकोच्या मते मी घरात 'मध्ये येतो'. थंडीत मी चुडामणकडे गप्पांसाठी जात होतो. मार्च लागला, जळगावचं ऊन रस्त्यावर कुणाला उभं राहू देईना, आणि गप्पांचं निमित्त सांगण्याचीही गरज उरली नाही. मशीन तापू नयेत म्हणून चुडामणने दोन भलेमोठे कूलर लावले आहेत. त्याच वाऱ्यात माझीही खुर्ची असते. "मशीन आणि नाना, दोघांनाही तापू द्यायचं नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगतो.

मी जायला लागलो तेव्हा दुकानात मोठं स्थित्यंतर चाललं होतं. जुन्या विंडोजची देखभाल कंपनीने थांबवली होती आणि नव्या विंडोजला चुडामणची जुनी मशीन पसंत पडत नव्हती. सगळी मशीन नवी घ्यायची तर केळीला सोन्याचे घड लागायला हवेत. मग चुडामणने व्हिडिओ बघून, इकडेतिकडे विचारून शोध लावला की लिनक्सचाच एक खास गेमसाठी केलेला अवतार मिळतो. मशीन सुरू केलं की थेट गेमांचं कपाट उघडतं, हातात रिमोटसारखा कंट्रोलर घ्यायचा आणि बसायचं. विंडोजसाठी बनवलेले बरेचसे गेमही त्यात चालतात, मध्ये कुणीतरी दुभाषा बसलेला असतो म्हणे.

"नाना, याचं मला काय आवडलं सांगू?" तो एकदा म्हणाला. "हे पीलबागेसारखं आहे. घड कापला तरी आपण खोड लगेच तोडत नाही, शेजारचं पील, म्हणजे बुंध्याचा नवा कोंब, जोर धरेपर्यंत उभं ठेवतो. यात नवं अपडेट आलं की जुनंही शेजारी उभं राहतं. नवं बिघडलं तर सुरू करताना जुनं निवडायचं."

"आणि विंडोज?"

"ते उभी बाग नांगरतं आणि मग विचारतं, नांगरू का."

अर्थात सगळं गोड नव्हतं. इंजिनिअरिंगच्या पोरांचे दोन-तीन लाडके ऑनलाईन नेमबाजीचे गेम लिनक्सवर चालेनात. त्या गेमांबरोबर लबाडी पकडणारा एक राखणदार येतो आणि त्याला हे नवं घर मान्य नाही. ती पोरं दुसरीकडे गेली. शाळकरी पोरं मात्र चिकटून राहिली, कारण जुनी मशीन आता धडाधड उघडत होती.

एकेक करून चुडामणने दुकानातली सगळी मशीन लिनक्सवर नेली. पाच नंबर सोडून.

पाच नंबर कोपऱ्यात, कूलरच्या समोर. म्हणजे दुकानातली सगळ्यात चांगली जागा. पण दुपारी तिथे कुणाला बसू द्यायचं नाही, असा नियम. नवीन पोरगं आलं आणि त्या खुर्चीकडे वळलं की चुडामण काउंटरवरूनच म्हणायचा, "ए, पाचवर नको. ते बुक आहे." पोरगं विचारायचं, कुणाचं? जुनी पोरं डोळे मोठे करून एकमेकांना सांगायची, "दोनवाल्याचं."

मला वाटलं, असेल कुणी व्यापाऱ्याचं लाडावलेलं पोर, दोन वाजता येणारं. मग एका दुपारी दुकानात मी एकटाच होतो. चुडामण पाण्याचा जार आणायला गेला होता. बाहेर रस्ता असा ओस की कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. दोन वाजले आणि पाच नंबरच्या डब्यातला पंखा आपोआप फिरायला लागला. डब्याच्या काचेतून आधी निळा उजेड आला, मग जांभळा. कीबोर्डची अक्षरं एकेक करून पेटली. पडदा मात्र काळाच. त्या काळ्या पडद्यात मला माझंच तोंड दिसत होतं आणि ते तोंड ओळखीचं वाटत नव्हतं. कूलरच्या झोताने समोरची रिकामी खुर्ची हळूच फिरली आणि मशीनकडे तोंड करून थांबली.

मी एसटीतला माणूस. मुक्कामी गाडीत झोपलोय, घाटात अडकलोय. पण त्या दिवशी मी चप्पल न घालता तापल्या रस्त्यावर येऊन उभा राहिलो आणि पाय पोळत असूनही मला ते बराच वेळ कळलं नाही.

चुडामण जार खांद्यावर घेऊन आला, माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आला का?"

"कोण?"

"भटू."

भटूला मी पाहिलेलं नाही. मी दुकानात जायला लागलो त्याच्या आधीच, भाद्रपदात, तापाचं निमित्त होऊन तो गेला. पण त्याची दुपार मला चुडामणने इतक्यांदा सांगितली आहे की ती मला पाठ आहे. सकाळी भटू बागेत असायचा. जेवणं झाली की आई, म्हणजे झुंबरबाई, थोरल्यासाठी डबा भरून द्यायची. भटू तो मोटारसायकलला अडकवून असोद्याहून निघायचा आणि दोनला दुकानात पोचायचा. डब्यात भरीत-भाकरी असली की वास आधी यायचा आणि भटू मागून. डबा काउंटरवर ठेवायचा, "खाऊन घे रे दादा, निवलं तर आई मला बोलते," म्हणायचा, आणि पाच नंबरवर बसून ट्रॅक्टरचा गेम लावायचा. सकाळभर खऱ्या शेतात राबलेला माणूस दुपारी खोट्या शेतात नांगर चालवायचा. चुडामण त्याच्या शेजारी स्टूल ओढून जेवायचा आणि मधूनमधून सांगायचा, नांगराचं तास वाकडं गेलं बघ.

भटू गेला आणि काही दिवसांनी चुडामणने दुकान उघडलं. त्या दुपारी दोन वाजता पाच नंबर आपोआप जागं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. थोडा वेळ घरघरायचं, मग आपलं आपण निजायचं. चुडामणने मशीनला हात लावला नाही. डबा आता तो स्वतःच सकाळी आणायचा. त्याने स्टूल पाच नंबरशेजारी ओढलं, डबा उघडला आणि जेवायला बसला. मग रोजच.

हे सगळं कळल्यावर मीही हळूहळू सरावलो. दोन वाजले की मी माझी खुर्ची थोडी मागे घ्यायचो, घरात कुणी मोठं माणूस आलं की आपण सरकून बसतो तशी. चुडामण जेवायचा, पंखा घरघरायचा, आणि काळ्या पडद्यात आम्ही दोघं दिसायचो. तिथे तिसरं कुणी दिसतं का, हे बघायची हिंमत मी कधी केली नाही. एकदा मी गंमत म्हणून म्हणालो, "भटू, तास वाकडं गेलं बघ." चुडामण हसला. त्याच क्षणी पंख्याचा आवाज वाढला. मग मी त्या खुर्चीशी बोलणं बंद केलं.

आणि नेमका असल्या मशीनचा प्लग मी उपटला होता.

त्या दिवशी दोन वाजले आणि काही झालं नाही. पडद्यावर रडका चेहरा तसाच. चुडामण जेवणाच्या डब्याच्या झाकणावर हात ठेवून बसून राहिला. मी घसा खाकरला, मग पुन्हा खाकरला.

पुढचे काही दिवस त्याने बरीच खटपट केली. भटूने साठवलेलं ट्रॅक्टरचं शेत दुसऱ्या डिस्कवर होतं, ते वाचलं. विंडोज काही उठलं नाही. शेवटी त्याने पाच नंबरवरही लिनक्स टाकलं. मशीन झकास चालायला लागलं. भटूचं शेत उघडलं, त्याचा ट्रॅक्टर बांधाशी उभा होता, जिथे त्याने सोडला तिथे. पण दुपारी दोन वाजता ते मशीन इतर मशीनसारखंच गप्प पडून राहायचं. उठवल्याशिवाय उठायचं नाही.

एक गोष्ट सांगतो. भूत दिसतं तेव्हा माणूस घाबरतो, ते खरं आहे. पण रोजचं भूत एक दिवस येत नाही, तेव्हा दुकानात जी शांतता पसरते तिच्यात बसणं जास्त अवघड असतं. मी दोनच्या सुमाराला घरी जायला लागलो. बायकोने विचारलं, आज लवकर? मी म्हणालो, कूलरने अंग दुखतं.

एका सकाळी झुंबरबाई आमच्या घरी आल्या. काठापदराचं लुगडं, हातात केळीची फणी. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "नाना, पोरगं डबा जसाच्या तसा परत आणू राह्यलं."

"म्हणजे जेवत नाही?"

"घरी घास-दोन घास खातं. दुपारचं काहीच नाही. गळ्याची हाडं दिसू लागली. मी विचारलं तर म्हणे, भूक नाही. एक पोरगं गेलं नाना, दुसरं असं समोर वाळू राह्यलं." मग त्यांनी पदर नीट केला. "आखाजी आली जवळ. भटूच्या नावाची घागर भरायची. मी दिवाळीपासून सांगू राह्यली. तर हा म्हणे, जो रोज येतो त्याची घागर कशी भरायची. आता तर येणंबी बंद झालं ना? मग तरी भर म्हणा. त्याले पाणी मिळू द्या. तुमचं ऐकतो तो."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी घागर भरतात. मातीची नवी घागर पाण्याने भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, सांजोऱ्या ठेवायच्या, घरातल्या गेलेल्यांची नावं घेऊन पाणी सोडायचं. ज्याच्या नावाने पहिल्यांदा घागर भरली, तो मग घरचा न राहता पितरांमधला होतो. चुडामण कशाला अडून बसला होता, ते मला तेव्हा समजलं.

मी काय सांगणार होतो? मीच तर पाहुण्याचं दार बंद केलेलं. तरी पुतणीला, कामिनीला, फोन केला. ती पुण्यात कॉम्प्युटरमध्येच नोकरी करते. तिला सगळं सांगितलं, भूत वगळून. तरी ती हसली.

"काका, विंडोजमध्ये रोजच्या साफसफाईची वेळ ठरवता येते. त्या वेळी मशीन झोपलेलं असलं तरी स्वतः उठतं, काम करतं, परत झोपतं. पडदा उजळेलच असं नाही. सहसा ती वेळ रात्रीची असते. कुणीतरी मुद्दाम दुपारचे दोन लावलेले असणार."

फोन ठेवला आणि मला वाटलं, आता बरं झालं, गाठ सुटली. माणसाला कारण सापडलं की तो किती उतावळा होतो पाहा. मी तसाच उन्हात दुकानात गेलो आणि चुडामणला सगळं सांगून टाकलं. भूत नव्हतं, साफसफाई होती. कुणीतरी दोनची वेळ लावली होती.

चुडामणने ऐकून घेतलं. दुकानात एक पोरगं पलीकडच्या मशीनवर गाडी पळवत होतं, तिचा आवाज येत होता.

"भटूनेच लावली असेल," तो म्हणाला. "रात्री मी मेन स्विच पाडून जातो ना. शॉर्टसर्किटची भीती. तो नेहमी ओरडायचा, दादा, रात्री मशीनला काही करताच येत नाही. म्हणून दुपारची लावली असेल. दोनला तो इथे असायचाच."

"मग झालं तर," मी म्हणालो. "मनातून काढून टाक."

"काय काढू?" त्याने विचारलं. मी कूलरमध्ये पाणी आहे का ते बघायला उठलो.

आखाजीला चुडामणने घागर भरली. झुंबरबाईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. असोद्याच्या त्यांच्या ओसरीवर भटूचा फोटो मांडलेला. भटू मला पहिल्यांदा दिसला तो तिथे. कपाळावर केस, एक दात पुढे, फोटो काढणाऱ्याला काहीतरी बोलत असल्यासारखा चेहरा. चुडामणने पाणी सोडलं तेव्हा आजोबाचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आणि भटूच्या नावाला थांबला. झुंबरबाई मागून हळूच म्हणाल्या, "घे ना बापा." त्याने घेतलं. मग आम्ही खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस जेवलो. म्हणजे मी जेवलो. चुडामणने रसात पोळी बुडवून ठेवली होती आणि ती तिथेच विरघळत होती. झुंबरबाई त्याच्या ताटाकडे बघत होत्या आणि मी झुंबरबाईंकडे बघायचं टाळत होतो.

त्यानंतर सुट्टीत आम्ही मुलीकडे धुळ्याला गेलो. तिथेही ऊन तेच, फक्त कूलर जावयाचा, त्यामुळे त्याच्या समोर पाय पसरता येत नव्हते. मी रोज दुपारी घड्याळ बघायचो. बायको म्हणाली, कुणाची वाट बघताय? मी म्हणालो, कुणाची नाही. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

परत आलो त्या दिवशी जेवून तडक दुकानात गेलो. पोरं नव्हती, दुपारची जेवायला घरी गेली होती. चुडामण काउंटरवर हिशेब बघत होता. मी माझ्या खुर्चीत बसलो, इकडची तिकडची चौकशी केली. धुळ्यात काय, जावई काय. चुडामण हं, हं करत होता. गळ्याची हाडं मला आधीइतकी वर आलेली वाटली नाहीत, पण मी चष्मा पुसला नव्हता.

दोन वाजले.

पाच नंबरचा पंखा फिरला. काचेतून निळा उजेड आला, मग जांभळा. कीबोर्डची अक्षरं पेटली. आणि या वेळी पडदाही उजळला. सगळा कोपरा हिरवा झाला. भटूचं शेत. नांगरलेली जमीन, वर स्वच्छ आभाळ, आणि बांधाशी उभा ट्रॅक्टर, ज्यावर कुणी बसलेलं नव्हतं. कूलरच्या वाऱ्याने खुर्ची फिरली आणि त्या शेताकडे तोंड करून थांबली.

कामिनीचं स्पष्टीकरण मला तोंडपाठ होतं, पण ते विंडोजचं होतं. ते विंडोज मी माझ्या हाताने मारलं होतं. त्यातली ती दोनची वेळ त्याच्याबरोबर गेली होती. नावाची घागर भरली होती, मी स्वतः तिथे बसून रस ओरपला होता. आता यायला कुणाला वाटच नव्हती.

चुडामणने वही मिटली. स्टूल ओढलं, पाच नंबरशेजारी ठेवलं. डबा उघडला. भरताचा वास आला. त्याने भाकरी मोडली, पहिला घास घेतला आणि पडद्यावरच्या शेताकडे बघत चावत राहिला. रोजच्यासारखा, भूक लागलेल्या माणसासारखा.

मला उठून बाहेर जायचं होतं. पायात चपला होत्या, तरी जाता येईना.

"चुडामण," मी म्हणालो. "घागर भरली ना आपण? तो आता पितरांमध्ये गेला ना? मग हे मशीन उठवतं कोण?"

त्याने तोंडातला घास संपवला, कांद्याची फोड उचलली.

"मीच लिहून ठेवलंय त्यात, दोन वाजता उठायचं म्हणून."